लोणार : सरोवर सगळ्यांचं, सांडपाणी नगरपरिषदेचं

बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणारचं नाव निघालं की उल्केची गोष्ट निघते, आणि ती निघणारच. पण या प्रकरणाचा विषय उल्का नाही, नगरपरिषद आहे. २०११ च्या जनगणनेत २३ हजारांच्या घरात वस्ती भरलेलं हे तालुक्याचं ठिकाण. ‘क’ म्हणजे सगळ्यांत लहान वर्गाची नगरपरिषद, आजूबाजूला कोरडवाहू शेती, आणि गावाला लागूनच उल्केच्या आघाताने झालेलं दीडशे मीटर खोल विवर. त्या विवरातल्या पाण्यावर वन विभाग, पुरातत्त्व खातं, महसूल खातं, प्रदूषण नियंत्रण मंडळ असा प्रत्येकाचा काही ना काही अधिकार चालतो. नगरपरिषदेचा म्हणावा असा तिथे काहीच चालत नाही. तिच्या हाती आहे ते गावातून निघणारं सांडपाणी, आणि सरोवराची तब्येत बऱ्याच अंशी त्या सांडपाण्यावरच ठरते.

लहान नगरपरिषदांचा कारभार कुठे अडतो हे ज्यांना समजून घ्यायचं आहे त्यांच्यासाठी लोणार हे उत्तम उदाहरण आहे, ते या विचित्र वाटणीमुळे. नाही म्हणायचा अधिकार पाच-सहा कार्यालयांकडे, प्रत्यक्ष गटार बांधण्याचं कर्तव्य एकाकडे, आणि त्या एकाचीच तिजोरी सगळ्यांत हलकी.

उतार कुठे जातो

आधी जमिनीचा उतार समजून घेतला पाहिजे, कारण पुढचा सगळा वाद उतारावरून आहे. विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आणि तळाशी साचलेल्या सरोवराचा सुमारे १.२ किलोमीटर. आघाताने फेकला गेलेला मालमसाला भोवती पडल्यामुळे विवराचा काठ आसपासच्या शिवारापेक्षा उंच उचलला गेला आहे. त्यामुळे बाहेरच्या पावसाचं पाणी सहसा बाहेरच्या बाहेर वाहून जातं. अपवाद ईशान्य बाजूचा. तिथे काठ चिरला गेला आहे आणि त्या घळीतून पाणी आत उतरतं. लोक त्या जागेला धार म्हणतात. गोमुखातून पडणारा बारमाही गोड्या पाण्याचा झरा इथला. सीता न्हाणी, रामगया ही तीर्थंही विवराच्या उतारावरच आहेत. धारेने आणलेला गाळ आत पसरून जी सुपीक जमीन तयार झाली, तिच्यावर विवराच्या पोटात शेतीसुद्धा होत असे.

लोणार गाव याच ईशान्य बाजूला वसलं. यात नवल काही नाही, माणूस गोड्या पाण्याजवळच घर बांधतो. पण ज्या घळीतून झऱ्याचं पाणी खाली जातं, तीच घळ गावच्या नाल्यालाही जवळची वाट ठरते. एकदा आत गेलेलं पाणी परत बाहेर पडत नाही, कारण सरोवराला निकासच नाही. पाणी उन्हाने उडतं आणि त्यातलं बाकी सगळं तळाशी राहतं. सरोवर मुळात खारं आणि अल्कधर्मी झालं ते याच हिशेबाने. त्याच्या पाण्याचा सामू (पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल की अल्क हे सांगणारा आकडा) दहाच्या आसपास आढळत आलेला आहे. काठावर कमळजा देवीच्या देवळाजवळ सासू-सुनेची विहीर दाखवतात. तिचं पाणी एका बाजूला गोड, दुसऱ्या बाजूला खारं असं सांगतात. सरोवराचं एकूण गणित त्या विहिरीत दिसतं: कडेच्या झऱ्यांचं गोडं पाणी आणि मधलं खारं पाणी यांचा समतोल. या समतोलात तिसरा पाहुणा शिरला, तो म्हणजे गावचं सांडपाणी.

खारातून महसूल

सरोवराकडे आज आपण वारसा म्हणून पाहतो. जुन्या राजवटी त्याच्याकडे खाण म्हणून पाहत. अकबराच्या काळात अबुल फजलने वऱ्हाड सुभ्याची नोंद करताना इथल्या डोंगरात काच आणि साबण करायला लागणाऱ्या वस्तू मिळतात आणि त्यावरच्या जकातीतून सरकारला चांगलं उत्पन्न होतं, असं लिहिलं आहे. उन्हाळ्यात पाणी मागे हटलं की काठावर खार, म्हणजे सोड्याचा क्षार, धरायचा. तो गोळा करून त्याची प्रतवारी व्हायची. पापडी, भुसकी, दल्ला ही त्या प्रतींची नावं. साबण, काच आणि कापडाच्या रंगकामासाठी हा माल बाहेर जायचा.

१८२३ मध्ये सी. जे. ई. अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याने विवराची नोंद केली, तेव्हा हा मुलूख निजामाचा होता. १८५३ च्या तहाने वऱ्हाडचा कारभार कंपनीकडे आला, १९०३ मध्ये कायमचा पट्टा करून तो मध्य प्रांताला जोडला गेला, १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. एवढ्या काळात झेंडे बदलले तरी एक गोष्ट कायम होती. सरोवर सरकारी, त्याचं उत्पन्न सरकारजमा, आणि गावाच्या वाट्याला त्यातली मजुरी.

तरीही त्या व्यवस्थेचा एक गुण मान्य करायला हवा. जिथून महसूल येतो तिथे हिशेब ठेवणारा माणूस असतो. पाणी किती उतरलं, खार किती धरला, यात कुणाचा तरी पैसा अडकलेला असे. पुढे कारखान्यात तयार होणारा सोडा स्वस्त झाला आणि लोणारच्या खाराला गिऱ्हाईक उरलं नाही. सरोवर उत्पन्नाच्या वहीतून निघालं आणि संरक्षणाच्या वहीत चढलं. मधल्या काळात ते फारसं कुणाच्याच वहीत नव्हतं. गाव वाढलं ते नेमकं याच काळात.

जगाचं लक्ष आणि गावाची अडचण

हे विवर ज्वालामुखीचं की उल्केचं यावर भूशास्त्रज्ञांचा वाद बरीच वर्षं चालला. १९७३ मध्ये भारतीय आणि अमेरिकी शास्त्रज्ञांच्या गटाने इथल्या खडकात प्रचंड आघातानेच तयार होणारं मॅस्केलिनाइट हे काचेसारखं द्रव्य सापडल्याचं प्रसिद्ध केलं आणि उल्केची बाजू पक्की झाली. बसाल्टमध्ये तयार झालेली आणि इतकी नीट टिकलेली आघात-विवरं पृथ्वीवर फारच थोडी आहेत. चंद्र आणि मंगळाचा पृष्ठभाग समजून घेणाऱ्यांना लोणार हवं असतं ते म्हणूनच. वयाबद्दल मात्र अजून एकमत नाही. एका पद्धतीने सुमारे ५२ हजार वर्षं निघतात, अरगॉन पद्धतीने सुमारे ५ लाख ७० हजार. गावच्या गटाराच्या दृष्टीने दोन्ही आकडे सारखेच.

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने १९७९ मध्ये विवराला राष्ट्रीय भूवारशाचा दर्जा दिला. २००० मध्ये विवर आणि भोवतालचा सुमारे पावणेचार चौरस किलोमीटरचा पट्टा वन्यजीव अभयारण्य झाला. २०२० मध्ये लोणार आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेलं, नांदूर मधमेश्वरनंतर महाराष्ट्रातलं दुसरं. विवरातली आणि गावातली देवळं पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहेत. त्यातलं दैत्यसूदनाचं देऊळ तर ऐन वस्तीत आहे. लवणासुराला विष्णूने मारलं आणि त्यावरून लोणार नाव पडलं, ही कथा याच देवळाशी जोडलेली.

प्रत्येक दर्जा स्वतःचे नियम घेऊन आला. १९५८ च्या पुरातन स्मारक कायद्यात २०१० मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम करता येत नाही आणि त्यापुढे २०० मीटरपर्यंत परवानगी घ्यावी लागते. दैत्यसूदनाच्या आसपास राहणाऱ्या माणसासाठी याचा अर्थ सरळ आहे: वाढत्या कुटुंबाला घरावर मजला चढवायचा तर अर्ज नगरपरिषदेकडे आणि उत्तर तिसरीकडून. विवरातली शेती बंद झाली. काठाजवळ मुरूम खणायला, बांधायला मनाई आली, कारण उल्कापाताने फेकलेला तो मालमसाला हाच अभ्यासाचा पुरावा आहे. विवराच्या अगदी जवळून जाणाऱ्या किन्ही रस्त्याचा प्रश्नही याचसाठी न्यायालयापर्यंत गेला.

या नियमांपैकी एकही चुकीचा आहे असं मला वाटत नाही. पण एका गावावर इतके दर्जे चढवताना त्या गावाच्या स्थानिक संस्थेला जास्तीचं मनुष्यबळ किंवा जास्तीचं नियमित उत्पन्न कुणी दिलं का, हा प्रश्न विचारला पाहिजे. अभयारण्याच्या घोषणेबरोबर वनरक्षक येतात. संरक्षित स्मारकाबरोबर पहारेकरी येतो. रामसरच्या प्रमाणपत्राबरोबर नगरपरिषदेला गटार साफ करणारा एकही जादा माणूस मिळत नाही.

कायद्याने नेमकं काय सोपवलं

महाराष्ट्रात नगरपरिषदांचा कारभार १९६५ च्या महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियमाने चालतो. त्याआधी मुंबई इलाख्याचे, हैदराबादचे आणि विदर्भासाठी १९२२ चा मध्य प्रांत-वऱ्हाडचा असे वेगवेगळे कायदे होते. लोणार या तिसऱ्या परंपरेतलं. ४० हजारांपर्यंत वस्ती असेल तर नगरपरिषद ‘क’ वर्गात पडते. खेड्यातून शहराकडे सरकणाऱ्या (संक्रमणशील) गावांना नगरपंचायत मिळते ती १० ते २५ हजार वस्तीला. २०११ चा आकडा धरला तर लोणार प्रत्यक्षात नगरपंचायतीच्या मापाचं गाव आहे आणि डोक्यावर जबाबदारी आंतरराष्ट्रीय पाणथळ जागेची.

याच अधिनियमाच्या ४९ व्या कलमात नगरपरिषदेची आवश्यक कर्तव्यं दिली आहेत. रस्ते, दिवाबत्ती, पाणी, सफाई यांच्या जोडीला गटारं बांधणं आणि घाण काढणं त्यात येतं. ‘जमलं तर’ हा शब्द तिथे नाही. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने बाराव्या अनुसूचीत १८ विषय दिले. त्यात सार्वजनिक आरोग्य आणि स्वच्छता आहे, तसंच पर्यावरणाचं संरक्षणही आहे. १९७४ च्या जल प्रदूषण कायद्यानुसार प्रक्रिया न केलेलं सांडपाणी जलाशयात सोडायला मनाई आहे, मग सोडणारा कारखानदार असो की नगरपरिषद. राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये देशभरातल्या स्थानिक संस्थांना मुदत घालून दिली आणि ती चुकल्यास प्रत्येक नाल्यामागे, काम सुरू न केलेल्या प्रत्येक प्रक्रिया केंद्रामागे दर महिना ५ लाख रुपये भरपाई ठरवली. हा आकडा मोठ्या महापालिकेच्या अर्थसंकल्पात कुठे आहे ते शोधावं लागेल. ‘क’ वर्गाच्या नगरपरिषदेत तो पगारपत्रकाच्या शेजारी जाऊन बसतो.

उत्पन्नाची बाजू सांगायला वेळ लागत नाही. घरपट्टी, पाणीपट्टी, गाळ्यांचं भाडं, आठवडी बाजाराची वसुली. नगरपरिषद हद्दीतली जकात १९९९ मध्ये बंद झाली आणि तिच्या बदल्यात राज्याचं सहायक अनुदान सुरू झालं. म्हणजे स्वतः ठरवून वाढवता येईल असं मोठं साधन गेलं, आणि वरून येईल तेवढ्यावर भागवायची सवय लागली. घरपट्टीची फेरआकारणी कागदावर शक्य आहे. पण ज्या नगरसेवकाला त्याच गल्लीत राहायचं आहे, तो तिच्यासाठी हात वर करत नाही.

आणखी एक गोष्ट, जी अहवालांत सापडत नाही. विवरात मतदार नाहीत. प्रभागातल्या माणसाची तक्रार दारापुढे तुंबलेल्या नालीबद्दल असते. नाली वाहती झाली की त्याचं काम झालं. ती पुढे कुठे वाहते याचा पाठपुरावा करणारा प्रभाग नकाशावर नाही. त्यामुळे नगरपरिषद वर्षानुवर्षं जे काम प्रामाणिकपणे करते, म्हणजे रस्त्याकडेच्या नाल्या बांधणं आणि त्या वाहत्या ठेवणं, तेच काम सरोवराच्या मुळावर येऊ शकतं. पूर्वी परसात, शोषखड्ड्यात, मातीत मुरणारं पाणी सिमेंटच्या नालीने उताराला लागतं. यात कुणाचा निष्काळजीपणा शोधायची गरज नाही. चांगल्या हेतूने मंजूर झालेल्या कामांची ही बेरीज आहे.

थोडं गणित

सांडपाण्याचा सरोवरावर किती भार पडू शकतो याचा ढोबळ अंदाज कुणालाही काढता येतो. भुयारी गटार नसलेल्या गावासाठी पाणीपुरवठ्याचं प्रमाण दरडोई दररोज ७० लिटर धरतात. २३ हजार वस्तीला हे झाले सुमारे १६ लाख लिटर. त्यातलं ८० टक्के सांडपाणी होतं, म्हणजे रोज १३ लाख लिटरच्या जवळपास. १.२ किलोमीटर व्यासाच्या सरोवरावर हे सगळं पसरलं तर दिवसाला मिलिमीटरभरापेक्षा किंचित जास्त थर होतो, वर्षाला सुमारे ४० सेंटिमीटर. प्रत्यक्षात सगळं सांडपाणी तिथवर पोचत नाही. काही मुरतं, काही उडतं, काही दुसऱ्या उताराला जातं. तरी ज्या सरोवराला निकास नाही त्याच्या बाबतीत हा आकडा दुर्लक्ष करण्याजोगा नाही.

आता याच गणिताची दुसरी बाजू. भुयारी गटार योजना झाली की पाणीपुरवठ्याचं प्रमाण १३५ लिटर धरतात. त्या हिशेबाने सांडपाणी जवळपास २५ लाख लिटरवर जातं. म्हणजे गावाला नळाचं पाणी नीट मिळायला लागलं की गावाबाहेर जाणारं पाणी दुपटीच्या आसपास पोचतं. पाणीपुरवठा योजनेचं उद्घाटन आणि मलनिस्सारण योजनेचं उद्घाटन यांच्यात जेवढी वर्षं जातात, तेवढी वर्षं हा वाढीव भार उताराला असतो. लहान गावांत पाण्याची योजना नेहमी आधी येते. लोकांची मागणी तीच असते आणि ती योग्यही असते. पण अशा गावात दोन्ही योजनांचा आराखडा एकाच टेबलावर ठेवला गेला पाहिजे, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

पाण्याच्या थरापेक्षा त्यातून जाणारं नत्र आणि स्फुरद जास्त नडतं. मैलापाणी आणि साबणाचं पाणी यांतून दोन्ही येतात. लोणारच्या पाण्यात जगणारे सूक्ष्मजीव खास आहेत. खारं, अल्कधर्मी पाणी हेच त्यांचं घर. गोडं आणि खतावलेलं पाणी येत राहिलं की कडेने आधी बदल दिसतो, सामू उतरतो, वेगळं शेवाळ धरतं. सरोवराचा खारेपणा जुन्या नोंदींच्या तुलनेत घटल्याचं अभ्यासकांनी दाखवलं आहे. काठावर पसरलेली वेडी बाभूळ हा आणखी एक उपद्रव. ती काढण्याचं काम न्यायालयाच्या देखरेखीखाली हाती घ्यावं लागलं.

न्यायालयाने चालवलेला समन्वय

लोणारच्या संरक्षणासाठीची जनहित याचिका मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे २००९ पासून आहे. तिच्या निमित्ताने सांडपाणी, अतिक्रमणं, वेडी बाभूळ, रस्ते, देवळांची देखभाल असे विषय एकेक करून पटलावर आले. अमरावतीच्या विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली, कारण वेगवेगळ्या खात्यांना एका खोलीत बसवू शकेल असा अधिकारी स्थानिक पातळीवर नव्हता. नगरपरिषदेचा मुख्याधिकारी वन विभागाला पत्र लिहू शकतो, आदेश देऊ शकत नाही. तहसीलदाराचं तेच. उपवनसंरक्षक गावातल्या नालीवर बोलू शकत नाही. न्यायालय सगळ्यांना विचारू शकतं, आणि पुढची तारीख देऊ शकतं.

या तारखेचं महत्त्व बाहेरच्या माणसाला कळत नाही. अनेक खात्यांमध्ये विभागलेल्या कामाला शेवटची मुदत अशी नसते. प्रत्येकाचं उत्तर ‘अमुक विभागाकडून अभिप्राय अपेक्षित’ असं असतं, आणि ते खोटंही नसतं. शपथपत्र भरायचं आहे म्हटल्यावर तोच अभिप्राय आठवड्यात येतो. लोणारमध्ये जी कामं पुढे सरकली त्यातली बरीचशी या रेट्याने सरकली, असं माझं मत आहे.

त्याची किंमतही आहे. न्यायालयाचं लक्ष जिथे असतं तिथे काम होतं आणि जिथे नसतं तिथे थांबतं. शिवाय नगरपरिषदेची सभा, जिथे खरं तर हा विषय दर महिन्याला यायला हवा, तिथे तो ‘न्यायालयीन बाब’ म्हणून बाजूला पडण्याची सोय होते. निवडून आलेल्या सभागृहाने ठरवायचं ते वकिलाच्या सल्ल्यावर सोपवलं जातं. त्यात महाराष्ट्रातल्या नगरपरिषदांच्या निवडणुका आरक्षणाच्या वादात लांबत गेल्या, मुदत संपलेल्या ठिकाणी मुख्याधिकाऱ्यांच्याच हाती प्रशासक म्हणून कारभार आला. अशा काळात गटाराबद्दल प्रश्न विचारायला नगरसेवकही उरत नाही.

जून २०२० मध्ये सरोवराचं पाणी गुलाबी झालं आणि टाळेबंदीत घरी बसलेल्या देशाने लोणारचे फोटो पाहिले. खंडपीठाने दखल घेतली, वन विभागाने नमुने घेतले, नीरी या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेकडे आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेकडे तपासणी झाली. कमी पाऊस, वाढलेलं बाष्पीभवन, त्यामुळे वाढलेला खारेपणा, आणि अशा पाण्यात वाढणारे हॅलोआर्किया हे गुलाबी रंगद्रव्याचे जीव, असा उलगडा झाला. म्हणजे तो रंग प्रदूषणाचा नव्हता. एका अर्थी सरोवर आपल्या मूळ स्वभावावर आलं होतं.

पुढच्या वर्षांत उलटी चिंता सुरू झाली. चांगल्या पावसाची वर्षं आली, पातळी चढली, पाणी कमळजा देवीच्या देवळाला भिडलं. नवरात्रात जिथे यात्रा भरते तिथे जायची वाट पाण्याखाली गेली. खाऱ्या पाण्यात सहसा न टिकणारे मासे दिसल्याच्या बातम्या आल्या. हे पाणी भूजलाचं किती, आसपासच्या पाझर तलावांचं किती, आणि गावच्या नाल्याचं किती, यावर लगेच मतं मांडली गेली. गुलाबी रंग प्रयोगशाळेत उलगडता आला. पातळीचा प्रश्न तसा उलगडत नाही. त्याला वर्षानुवर्षांच्या रोजच्या नोंदी लागतात.

पैसा आला, मग पुढे?

२०२२ मध्ये राज्याने लोणारसाठी सुमारे ३७० कोटी रुपयांचा विकास आराखडा मंजूर केला. २३ हजारांच्या गावासाठी हा आकडा अचाट आहे. तरी लहान नगरपरिषदांचा अनुभव असलेला माणूस आधी एकच गोष्ट विचारेल: यात चालवण्याचा खर्च कुणाचा? बांधकामाला अनुदान मिळतं. वीजबिल, पंपाची दुरुस्ती, रात्रपाळीचा ऑपरेटर, पाण्याचे नमुने तपासण्याचे पैसे, हे सगळं नगरपरिषदेच्या स्वतःच्या निधीतून जातं. सांडपाणी प्रक्रिया केंद्र म्हणजे हत्ती आहे, तो भेट मिळतो, चारा रोजचा आपला. पंपाने पाणी उचलून दूर नेणारी योजना जिथे आहे तिथे वीज गेली किंवा मोटर जळली की पाणी पुन्हा जुन्या उताराला लागतं. आणि लोणारमध्ये जुना उतार म्हणजे धार.

म्हणून अशा गावात गुरुत्वाने चालणारी, वनस्पतींच्या वाफ्यांतून पाणी गाळणारी पद्धत बरी पडते, असं मला वाटतं. नागपूरच्या नीरीने विकसित केलेली फायटोरिड ही त्यातलीच. तिला जागा जास्त लागते पण वीज अगदी थोडी, आणि ती सांभाळायला अभियंताच लागतो असं नाही. प्रक्रिया केलेलं पाणीसुद्धा विवरात सोडायचं नाही, ते काठाबाहेरच्या शेतीला द्यायचं, हे ठरवून घ्यावं लागेल. स्वच्छ केलेलं असलं तरी ते गोडं पाणीच, आणि सरोवराला नको आहे ते तेही. कोरडवाहू शिवारात त्याला घेणारे मिळतील. त्यासाठी करार, चारी आणि पाणी वाटणारा माणूस लागेल, आणि हे काम नगरपरिषदेला येतं. तिला ते पाणीपट्टीच्या निमित्ताने रोजच करावं लागतं.

पर्यटनाचा पैसा हा दुसरा धागा. विवर पाहायला येणारा माणूस गावात चहा पितो, गाडी लावतो, कचरा टाकतो, शौचालय वापरतो. शेवटच्या तिन्ही गोष्टींचा खर्च नगरपरिषदेचा. सरोवराच्या नावाने जे काही उत्पन्न जमा होईल त्यातला ठरावीक हिस्सा गावच्या मलनिस्सारणाच्या देखभालीसाठी बांधून दिला तर आराखड्यातली यंत्रणा पाच वर्षांनंतरही चालू राहण्याची शक्यता बरीच वाढेल. हा निर्णय नगरपरिषदेच्या हातात नाही, राज्य शासनाच्या हातात आहे.

नगरपरिषदेच्या हातात असलेली एक गोष्ट मात्र अगदी स्वस्त आहे. धारेच्या वरच्या बाजूला, गावचा नाला घळीत उतरण्याआधी, इंग्रजी व्ही आकाराची खाच असलेली पोलादी पट्टी बसवायची आणि खाचेवरून वाहणाऱ्या पाण्याची उंची रोज सकाळ-संध्याकाळ वहीत लिहायची. उंचीवरून प्रवाह किती ते तयार कोष्टकात सापडतं. उन्हाळ्यात, पाऊस नसताना, जे वाहतं ते जवळजवळ सगळं सांडपाणी आणि झरा. झऱ्याचं माप गोमुखाशी वेगळं घेता येतं, उरलं ते गावचं. असे दोन-तीन उन्हाळे गेले की पातळीच्या वादात नगरपरिषदेकडे स्वतःचा आकडा असेल. प्रदूषण मंडळाच्या नोटिशीला उत्तर देताना, आयुक्तांच्या बैठकीत आणि खंडपीठापुढच्या शपथपत्रात तोच आकडा लागतो. वही ठेवायला पाणीपुरवठा विभागातला एक कर्मचारी पुरे, आणि त्याच्यासाठी वेगळी मंजुरी लागत नाही, मुख्याधिकाऱ्यांचा कार्यालयीन आदेश पुरतो.